वैरी वाहक झाला

विद्येच्या इतिहासात कधी कधी असे घडते की, ज्याच्या नाशासाठी मनुष्याने कंबर बांधली, त्याच्याच पाठीवर बसून त्यास पुढचा प्रवास करावा लागतो. कर्करोग उत्पन्न करणाऱ्या एका जातीच्या विषाणूंची कथा ह्याच मासल्याची आहे. त्यांचा शोध लागला तेव्हा ते रोगाचे कारण म्हणून पकडले गेले. पुढे सत्तर वर्षांनी प्रयोगशाळांनी त्यांचे दात पाडले आणि त्यांस ओझ्याचे जनावर बनविले. मनुष्याच्या शरीरातील एखादा बिघडलेला जनुक खरोखरच कर्करोगास कारण झाला, की रोगाच्या जागी तो नुसताच उभा असलेला आढळला, ह्याचा निवाडा करावयाचा झाला म्हणजे आज पुष्कळदा ह्याच जनावराच्या पाठीवर तो जनुक लादून त्यास परक्या पेशीत धाडतात. ह्या कामासाठी डीएनएचे जे लहानसे वर्तुळ तयार करतात त्यास रेट्रोव्हायरल प्लास्मिड असे नाव आहे. नाव अवघड असले तरी वस्तू तितकी अवघड नाही; आणि तिच्या इतिहासाचा एक धागा परळच्या उंदरांच्या पिंजऱ्यांतून गेलेला आहे, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असावी.

आम्ही ज्या गावी अध्यापन करतो त्या सोलापुरास ह्या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ज्या जिल्ह्यातून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालेल्या उतारूंत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे कागद पिशवीत जपून नेणारा मनुष्य आढळणे हे नवल राहिलेले नाही, त्या जिल्ह्यास ह्याहून निकडीचा विषय कोणता? शिवाय बार्शी आमच्याच जिल्ह्यात आहे. तेथे १९८७ साली कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागातील कर्करोगाची अशी पद्धतशीर नोंद ठेवणारी ती देशातील पहिलीच होय. बार्शी, परांडा व भूम ह्या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत घेतली होती. शहरात रोगी आपण होऊन इस्पितळाच्या पायऱ्या चढतो आणि त्याचे नाव कागदावर येते. खेड्यात तो तेथवर पोचतच नाही. म्हणून बार्शीच्या लोकांनी उलट क्रम धरला व नोंद करणारेच गावोगाव फिरू लागले. हे काम दिसावयास कारकुनी आहे; पण आमच्या मते ज्या देशास आपला रोगी मोजता येत नाही त्याने औषधाच्या गोष्टी बोलू नयेत. तथापि नोंदवही झाली तरी तिची एक मर्यादा असते. किती माणसांस रोग झाला, कोणत्या अवयवास झाला, हे ती सांगते. ह्या एका रोग्याच्या ह्या एका पेशीत नेमके काय बिनसले, हे सांगणे तिच्या हाती नसते. तो प्रश्न निराळ्या जागी विचारावा लागतो, आणि तो विचारण्याचे साधन कसे हाती आले हेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

आरंभ एका कोंबडीपासून होतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस नावाच्या तरुण शास्त्रज्ञाकडे प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आली. तिच्या छातीवर गाठ होती. राउसने ती गाठ वाटली, तिचा रस अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला, आणि तो निरोगी कोंबड्यांस टोचला. गाळणी अशी होती की तिच्यातून पेशी जाणार नाही, जंतूही जाणार नाही. तरीही त्या कोंबड्यांस गाठी झाल्या. तेव्हा रसातून जे काही पार झाले ते जंतूहूनही लहान असले पाहिजे. १९११ साली त्याने हे प्रसिद्ध केले. विद्वानांनी ऐकून घेतले आणि सोडून दिले. कोंबडीचा रोग तो, त्याचा मनुष्याशी काय संबंध, असा एकंदर सूर होता. ह्याच शोधासाठी राउस ह्यांस नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७व्या वर्षी. सत्य टिकून राहते हे खरे, पण त्याच्या मान्यतेपर्यंत शोधकर्त्याने टिकून राहावे लागते, हेही तितकेच खरे.

दुसरी साक्ष उंदरांनी दिली. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर ह्यांच्यापाशी उंदरांचे असे वाण होते की, एका वाणातील बहुतेक माद्यांस पुढे स्तनाचा कर्करोग होई व दुसऱ्यातील फारच थोड्यांस. हा वंशाचा दोष, असे कोणीही म्हटले असते. बिटनर ह्यांनी रोगी वाणाची पिल्ले जन्मताच आईपासून काढून निरोगी वाणाच्या मादीच्या अंगावर पाजण्यास दिली, आणि त्या पिल्लांत पुढे रोगाचे प्रमाण एकदम उतरले. म्हणजे दोष केवळ रक्तात नव्हता, दुधातही होता. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगाने दुधातील त्या अज्ञात वस्तूस ‘दुधातील घटक’ हेच नाव बराच काळ दिले. पुढे तो राउसच्या विषाणूच्याच कुळातील एक विषाणू असल्याचे ठरले.

येथे आपली मंडळी कथेत येतात. मुंबईस परळ भागात १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्याकडे आली. खानोलकरांची दृष्टी काही विलक्षण होती. पाश्चात्त्य ग्रंथांत जे कर्करोग लिहिलेले आहेत तेच आपल्या रोग्यांत शोधीत बसण्यापेक्षा आपले लोक काय खातात, काय चघळतात, काय नेसतात ह्याचा माग त्यांनी घेतला. धोतर कंबरेस जेथे वर्षानुवर्षे आवळले जाते त्या कातडीवर उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी १९४५ साली एका सहकारी बाईंसह जगापुढे मांडले. तंबाखू व चुना ह्यांच्या सवयींचा तोंडाच्या रोगाशी असलेला संबंधही त्यांनी असाच धुंडाळला. येथील रोग्यास येथील प्रश्न विचारला पाहिजे, हा त्यांचा बाणा. आमच्या लेखाच्या शेवटी ज्या संशोधनाचा उल्लेख यावयाचा आहे त्याच्या मुळाशीही हाच बाणा आहे.

खानोलकरांच्या हाताखाली संशोधनास आल्या त्या डॉ. कमल रणदिवे. त्या पूर्वाश्रमीच्या समर्थ. जन्म पुण्यास १९१७ साली. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेत व फर्ग्युसनमध्ये शिक्षण झाले. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराच्याच घरी पडावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने पेशींचा अभ्यास पत्करला आणि गणितज्ञाशी विवाह केला! १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर त्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे ह्यांच्याकडे पेशीसंवर्धनाची विद्या शिकण्यास गेल्या. पेशीसंवर्धन म्हणजे शरीरातील पेशी बाहेर काढून काचेच्या भांड्यात, योग्य अन्नरसात जिवंत ठेवणे व वाढविणे. सांगावयास एक वाक्य, करावयास तपश्चर्या. मनुष्याच्या पेशींचा कायम टिकणारा पहिला वंश १९५१ साली सिद्ध झाला तो ह्याच गे ह्यांच्या प्रयोगशाळेत. रणदिवेबाईंनी ती विद्या मुंबईस आणली, आणि १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

त्यांचे मुख्य काम उंदरांवर होते. एखाद्या वाणाचे सर्व उंदीर वंशदृष्ट्या एकसारखे व्हावे म्हणून सख्ख्या भावाबहिणींचा संकर वीस पिढ्या चालवावा लागतो. एका पिढीस दोन-तीन महिने धरले तरी एक वाण सिद्ध व्हावयास चार-पाच वर्षे जातात. मध्ये साथ आली, की सर्व मुळापासून. स्तनाच्या कर्करोगास सहज बळी पडणारा असा जो उंदरांचा वाण परळास सिद्ध झाला त्यास केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आयसीआरसी हेच नाव पडले. वंश, बाळंतपण, शरीरातील स्राव आणि दुधातील विषाणू ह्यांची ह्या रोगात कशी गुंतागुंत असते, हे बाईंनी अनेक वर्षे उकलून पाहिले. विषाणू एकटा गुन्हेगार नसतो, स्रावांची त्यास साथ लागते, हा त्यांच्या कामाचा गाभा होय. १९८२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. परंतु ज्या महाराष्ट्रात नटनट्यांच्या जन्मतारखा मुलांस तोंडपाठ असतात तेथे हे नाव किती घरांत उच्चारले जाते, असे आम्ही विचारले तर वाचकांनी राग मानू नये.

उंदराच्या दुधात विषाणू असतो, मग मनुष्याच्या दुधात का नसावा? हा प्रश्न सुचणे अपरिहार्य होते, आणि त्याच्या शोधास जगाने मुंबई निवडली. पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर भारतीय समाजांहून अधिक आढळे. शिवाय तो समाज आपसांतच विवाह करणारा. अमेरिकेतील डॅन मूर ह्यांनी परळच्या डॉ. सत्यवती शिरसाट व शल्यविशारद डॉ. जे. सी. पेमास्टर ह्यांच्या सहकार्याने पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने तपासले. शिरसाटबाई इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामात निष्णात होत्या. त्या नमुन्यांत उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळले, आणि १९७१ साली ‘नेचर’ पत्रात ह्यासंबंधीचा निबंध प्रसिद्ध झाला. काही काळ मोठी आशा उत्पन्न झाली, आणि काही घरांत मोठी भीतीही उत्पन्न झाली असली पाहिजे. कारण आपल्या दुधातून आपल्या मुलीस हा रोग जातो की काय, ही शंका कोणत्या मातेस सहन होईल? सुदैवाने पुढील संशोधनाने ह्या कल्पनेस पुष्टी दिली नाही. दिसण्यात साम्य असणे आणि रोगास कारण असणे ह्यांत अंतर असते. असा विषाणू मनुष्यात स्तनाचा कर्करोग घडवितो हे सिद्ध झाले नाही, ते नाहीच. तो शोध निष्फळ ठरला असे आम्ही मात्र म्हणणार नाही, कारण संशयिताच्या चेहऱ्यावरून निवाडा होत नाही, त्याची कृती पाहावी लागते, हा धडा त्यातून मिळाला. आणि कृती पाहण्याचे साधन त्याच दशकात दुसरीकडे तयार होत होते.

१९७० साली हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर ह्या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ह्या विषाणूंची एक खोड उघडकीस आणली. पेशीत वंशाचा लेख डीएनएत असतो आणि कामापुरती त्याची नक्कल आरएनएत उतरते, हा सर्वमान्य क्रम होता. ह्या विषाणूंचा मूळ लेखच आरएनएत असतो. पेशीत शिरल्यावर ते त्याची उलट नक्कल डीएनएत करून घेतात आणि ती पेशीच्या स्वतःच्या डीएनएत शिवून टाकतात. ह्या उलट चालीवरूनच त्यांस रेट्रोव्हायरस हे नाव मिळाले. एकदा शिवण पडली म्हणजे ती पेशी आणि तिची सर्व संतती तो लेख आपलाच समजून वाचीत राहते. भाडेकरू सातबाऱ्यावर नाव चढवून घेतो, तशातला हा प्रकार.

राउसच्या विषाणूत गाठ करणारा जो जनुक होता त्यास ‘सार्क’ असे नाव पडले होते. मायकेल बिशप व हॅरल्ड व्हार्मस ह्यांच्या प्रयोगशाळेने १९७६ साली दाखविले की, तो जनुक मुळी विषाणूचा नव्हेच. तो निरोगी पक्ष्यांच्या पेशींतही आहे. विषाणूने तो केव्हातरी उचलून नेला व बिघडलेल्या रूपात परत आणला. मग हा जनुक करतो तरी काय? १९७८ साली कळले की त्याच्यापासून बनणारे प्रथिन हे एक कायनेज आहे.

कायनेज म्हणजे काय हे सरकारी कचेरी पाहिलेल्यास सांगणे सोपे आहे. कागद कितीही महत्त्वाचा असो, त्यावर शिक्का उमटल्याशिवाय तो पुढच्या टेबलावर जात नाही. पेशीतही ‘वाढ’, ‘थांब’, ‘दोन हो’ असे हुकूम एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि पुष्कळ ठिकाणी तो शिक्का म्हणजे फॉस्फेटाचा एक कण असतो. हा कण चिकटविणाऱ्या शिक्केवाल्यांस कायनेज म्हणतात. मनुष्याच्या शरीरात त्यांचे पाचशेहून अधिक जनुक आहेत. चांगला शिक्केवाला वरून हुकूम आल्याखेरीज हात हलवीत नाही. बिघडलेला मात्र कोणी न सांगता रात्रंदिवस शिक्के मारीत सुटतो, आणि पेशीस वाटते की वाढण्याचा हुकूम आला. सार्कचा शिक्का प्रथिनाच्या नेमक्या कोणत्या भागावर बसतो हे टोनी हंटर ह्यांनी १९७९ साली शोधले, त्यात नशिबाचा भाग मौजेचा आहे. त्यांनी वापरलेला द्राव शिळा होता. त्यामुळे त्याची आम्लता थोडी वाढली होती, आणि ताज्या द्रावात जे दोन ठिपके एकावर एक पडले असते ते वेगळे दिसले. त्यातला एक ठिपका टायरोसिनचा, म्हणजे तोवर कोणी न पाहिलेला! ताजा द्राव करण्याचा आळस केल्याचे फळ इतके गोड मिळाल्याचे उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही; विद्यार्थ्यांनी मात्र ते कित्त्यासाठी घेऊ नये.

ह्यापुढे एकामागून एक विषाणूंच्या पोटातून मनुष्यजातीचे शिक्केवाले बाहेर पडू लागले. उंदराच्या एका विषाणूत ‘एबल’ सापडला, कोंबडीच्या दुसऱ्या विषाणूत ‘ईजीएफआर’चा तुटका भाऊ. आता खरा पेच उभा राहिला. रोग्याच्या गाठीतील डीएनए वाचावा तर त्यात शेकडो ठिकाणी अक्षरे बदललेली असतात. त्यांपैकी घातकी कोणते आणि निरुपद्रवी कोणते?

आमच्या सोलापूरच्या वाचकांसाठी हा पेच मागाच्या भाषेत मांडू. जॅकार्डच्या मागावर चादर विणताना नक्षी ठरते ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी. समजा, चादरीची नक्षी बिघडली आणि पाहता पाच-पन्नास पुठ्ठ्यांवर भोके चुकलेली आढळली. कोणत्या पुठ्ठ्याने नक्षी घालविली हे नुसते पुठ्ठे न्याहाळून कळणार नाही. जाणता कारागीर एक संशयित पुठ्ठा काढून दुसऱ्या, धड चाललेल्या मागावर चढवील आणि चादर कशी उतरते ते पाहील. बिघडलेला जनुक निरोगी पेशीत घालून पाहणे म्हणजे हेच. अडचण एवढीच की, पेशीच्या मागावर पुठ्ठा चढविणारा हात कोणाचा? तेथे आपला जुना वैरी उपयोगी पडला. पेशीच्या डीएनएत लेख शिवण्याची कला त्याच्याइतकी कोणास साधली होती?

१९८३ साली रिचर्ड मान, रिचर्ड मलिगन व बाल्टिमोर ह्यांनी जी युक्ती योजिली तिचे मर्म असे. उंदराच्या रक्तकर्करोगाच्या विषाणूच्या लेखात एक लहानशी खूण असते. जिच्यावर ती खूण तीच नक्कल विषाणूच्या कवचात भरली जाते. त्यांनी अशी पेशी तयार केली की, ती विषाणूचे कवच आणि अवजारे सर्व बनविते, पण तिच्यातील विषाणूच्या लेखावरील ती खूण खोडलेली असते. त्यामुळे कवच तयार होते, आत भरावयास माल नाही. आता माल आपण पुरवावयाचा. त्यासाठी प्लास्मिड. प्लास्मिड म्हणजे जीवाणूच्या पोटात स्वतंत्रपणे वाढणारे डीएनएचे वर्तुळ. ते एका रात्रीत जीवाणूंकडून हवे तेवढे वाढवून घेता येते. त्या वर्तुळात विषाणूची दोन टोके ठेवतात, ती भरण्याची खूण ठेवतात, आणि मध्ये विषाणूचे स्वतःचे जनुक काढून टाकून तेथे मनुष्याचा संशयित जनुक बसवितात. जोडीस प्युरोमायसिन नावाच्या विषापासून वाचविणारा एक जनुकही असतो. असे एक सुटसुटीत वर्तुळ जे मॉर्गनस्टर्न व हार्टमुट लँड ह्यांनी १९९० साली सिद्ध केले. ‘पीबेब’ ह्या नावाने ते जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले गेले.

हे वर्तुळ त्या कवच बनविणाऱ्या पेशींत घातले की दोनतीन दिवसांत भांड्यातील रसात विषाणूचे कण उतरतात. ते बाहेरून विषाणू, आतून मनुष्याचा जनुक. ते पेशीत एकदाच शिरू शकतात. पुढे संतती वाढविण्याचे साहित्य त्यांच्यापाशी नसते. हा रस उंदराच्या पेशींवर ओततात. ह्या पेशी बहुधा एनआयएच-३टी३ नावाच्या वंशाच्या असतात, आणि त्यांचा स्वभाव शिस्तीचा: भांड्याचा तळ भरला, शेजारणीचा धक्का लागला, की त्या वाढ थांबवितात. मग भांड्यात प्युरोमायसिन घालतात; ज्यांस जनुक मिळाला नाही त्या मरतात, ज्यांस मिळाला त्या उरतात. उरलेल्यांस मऊ अगरमध्ये अधांतरी सोडतात. शहाणी पेशी पायाखाली जमीन असल्याशिवाय वाढत नाही. अधांतरीही तिने वाढून गोळे केले, तर शिरलेला जनुक संशयास पात्र ठरतो. हे गोळे प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली घालून गाठ होते की काय हे पाहतात. आणि शेवटी त्या कायनेजला बांधणारे औषध देऊन गाठ ओसरते की काय हेही पाहतात. बरोबरीने न बिघडलेला मूळ जनुकही दुसऱ्या भांड्यात असाच घालावा लागतो, नाही तर तुलनेस आधार राहत नाही.

ह्या चाचणीने दिलेला सर्वांत गाजलेला निवाडा रक्ताच्या एका कर्करोगाचा आहे. दीर्घकालिक मज्जाजन्य रक्तकर्करोगाच्या रोग्यांत एक गुणसूत्र आखूड झालेले असते, हे फिलाडेल्फियात १९६० साली दिसले. दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन ते तसे होते, हे जॅनेट राउली ह्यांनी १९७३ साली दाखविले. ह्या अदलाबदलीत ‘एबल’ हा शिक्केवाला दुसऱ्या एका जनुकास चिकटतो व बेबंद होतो. पण हीच रोगाची जननी की रोगाची निशाणी? १९९० साली जॉर्ज डेली, रिचर्ड व्हॅन एटन व बाल्टिमोर ह्यांनी तो जोडजनुक विषाणूच्या पाठीवरून उंदराच्या अस्थिमज्जेत घातला, आणि उंदरांस तसाच रोग झाला. वाद मिटला. ह्या एका कायनेजला जखडणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मंजूर झाले, आणि ज्या रोगात आयुष्याची वर्षे बोटांवर मोजली जात त्या रोगाची माणसे रोज गोळी घेऊन संसार करू लागली.

ह्या गोळीचा आपल्याकडील इतिहास न्यायालयातून गेला. कंपनीच्या नावाखालच्या गोळीस महिन्यास लाखाच्या वर खर्च येई. देशी कारखान्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आसपास पडे. नोव्हार्टिस कंपनीने औषधाच्या एका स्फटिकरूपावर एकाधिकार मागितला. त्यास हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई ह्यांनी कंपनीचे अपील फेटाळले. शोधास मोल नसावे, असे आमचे म्हणणे नाही. पण जुन्याच शोधास नवा अंगरखा चढवून तेच मोल पुन्हा मागणे आणि शोध लावणे ह्यांत न्यायालयाने जो भेद केला तो आम्हांस सर्वस्वी रास्त वाटतो. जोडजनुकाचा निवाडा लागला तरी गोळी परवडली नसती, तर बार्शीच्या रोग्यास त्या निवाड्याचा उपयोग तो काय?

ज्या स्तनाच्या कर्करोगाचा विषाणू दुधात शोधिला गेला, त्याचीही एक गाठ ह्याच मार्गाने सुटली. १९८७ साली दिसून आले की ‘एर्बबी-२’ नावाचा कायनेज जनुक विषाणूच्या टोकाच्या जोरावर ३टी३ पेशींत भरमसाट बनविला, तर त्यात काही बिघाड नसतानाही त्या पेशी बहकतात. पुष्कळ रोगिणींच्या गाठीत हा जनुक असाच वाजवीपेक्षा अधिक असतो. म्हणजे विषाणू रोगाचे कारण म्हणून सापडला नाही. रोगाचे एक कारण दाखवून देणारा म्हणून मात्र कामास आला.

चाचणीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ३टी३ पेशी शिस्तीच्या असल्या तरी अगदी निष्पाप नव्हेत. भांड्यात अखंड वाढण्याची मुभा त्यांनी आधीच मिळविलेली असते, म्हणजे त्या अर्ध्या वाटेवर उभ्या आहेत. विषाणूचे टोक जनुकास जो जोर देते तो रोग्याच्या शरीरात नसतो. उलट एखाद्या जनुकाने त्या पेशींत काही केले नाही, म्हणून तो फुप्फुसात किंवा मुखात निर्दोष ठरत नाही. आणि वाहक झाला तरी वैऱ्याचा स्वभाव सर्वस्वी जात नाही. पॅरिस येथे जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांस अशाच विषाणूवाहकाने चांगला जनुक देण्यात आला. मुले बरी झाली, पण २००२ पासून त्यांपैकी काहींस रक्ताचा कर्करोग झाला, कारण विषाणूने आपली शिवण नेमकी एका धोक्याच्या जनुकाशेजारी घातली होती. भांड्यातील पेशीवर जे साधन न्यायाधीशाचे काम करते, ते बालकाच्या शरीरात पुन्हा आरोपी होऊ शकते.

आता खानोलकरांच्या बाण्याकडे वळू. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर ह्या कायनेजचे विशिष्ट बिघाड असतात व त्यांवर गोळ्या चालतात, हे २००४ साली अमेरिकेत कळले. आपल्या रोग्यांत हे बिघाड किती? टाटा स्मारक रुग्णालयाच्या मंडळींनी ९०७ रोग्यांच्या गाठी तपासून २०१३ साली उत्तर दिले: सुमारे २३ टक्क्यांत. हे प्रमाण युरोपीय लोकांहून अधिक आणि पूर्व आशियातील लोकांहून कमी. दुसऱ्याच्या गावचे माप आपल्या अंगास बसत नाही, हे ह्यावरून दिसते. त्याच संस्थेचे संशोधनकेंद्र आता खारघरास आहे. तेथील अमित दत्त ह्यांच्या प्रयोगशाळेने प्रथम ४५ गाठी बारकाईने वाचल्या, आणि त्यांत जे बदल आढळले ते आणखी ३६३ रोग्यांच्या गाठींत शोधले. तेव्हा एक अनपेक्षित शिक्केवाला हाती लागला. एफजीएफआर-३ ह्या कायनेजचे बिघाड ३६३पैकी २० रोग्यांत, म्हणजे शेकडा साडेपाच, आढळले. ते घातकी की निरुपद्रवी? बिघडलेला आणि मूळ, असे दोन्ही जनुक ३टी३ पेशींत घालून पाहिले. बिघडलेल्याने हुकूमावाचून शिक्के मारले, पेशी अधांतरी वाढल्या, उंदरांस गाठी झाल्या; आणि त्या कायनेजला रोखणारे औषध दिल्यावर गाठी ओसरू लागल्या. २०१७ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. ह्या वीस रोग्यांत तरुणांचे प्रमाण लक्षात येण्याजोगे अधिक होते, हेही त्यात नमूद आहे.

ह्या कुळातील कायनेज रोखणारे अर्डाफिटिनिब हे औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झाले. पण ती मंजुरी मूत्राशयाच्या कर्करोगापुरती होती. फुप्फुसाच्या रोग्यांचे नाव तिच्यात नव्हते.